पंखाच्या मुळाशी

सांगली
१८ जानेवारी १९९६

शालूताई,

पोचले एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, पण पोटातलं पात्र मजेत आहे. आई भाकरतुकडा घेऊन दारातच उभी होती. आता बाळंत होईपर्यंत मला या घरात काडी इकडची तिकडे करू देणार नाहीत, असं दिसतंय.

मुद्द्याचं लिहिते. उपेंद्रकडे लक्ष ठेव. मी नसले की तो ब्रेड आणि केळ्यांवर राहतो आणि वर 'मस्त चाललंय' म्हणतो. रविवारी त्याला तुझ्याकडे जेवायला बोलावत जा. तुझ्या घरमालकीण तुंगाबाईंना सांग, त्यांच्या बिसीबेळे भाताची आठवण तो माझ्या वरणभाताशी बसून काढतो.

चाचणीचं विमान पुन्हा उडणार आणि वैमानिक तोच, म्हणून स्वारी खुशीत आहे. लग्न होईपर्यंत मला वाटायचं, विमानं धातूची असतात. हा म्हणतो, आमचं काळ्या कापडाचं आणि गोंदाचं आहे. आणि त्याच्या पंखांना टिकल्या चिकटवणारी कोण, तर माझी सख्खी मावसबहीण! 'तुझी शालूताई माझ्या विमानाला हळदीकुंकू करते' असं सगळ्यांना सांगत असतो. तू तिथे नक्की काय करतेस, ते मला कळेल असं एकदा लिही. मराठी शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला कळेल असं.

चाचणी कधी आहे, ते मला तो सांगत नाही. मुख्य वैमानिक जयसिंगराव त्याच्या डोक्यावर आहेत, एवढ्यावर मी निर्धास्त असते. त्यांनी हवाईदलात जन्म काढला, उपेंद्रला हाताला धरून शिकवलं. निघताना त्यांच्या बायकोने, वीणावहिनींनी, माझी ओटी भरली, आणि जयसिंगराव म्हणाले, 'तुझ्या नवऱ्याला मी जमिनीवर ठेवत नाही आणि खाली पाडतही नाही.' असे आहेत.

पत्र टाक. इथे दुपार संपत नाही.

तुझी
मुग्धा

*

बंगळूर
२७ जानेवारी १९९६

मुग्धे,

तुझा नवरा रविवारी जेवून गेला. तुंगाबाईंनी 'आणखी स्वल्प, आणखी स्वल्प' करत त्याला इतकं वाढलं की तो जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. तेव्हा ती काळजी सोड.

माझं काम असं आहे. विमानाचा पंख म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या कापडाचे थर. एकावर एक ठेवून, मध्ये राळ घालून, भट्टीत भाजून एकजीव केलेले. धातूपेक्षा हलका, आणि बळकटही. पण त्याची एक खोड आहे. धातूवर हातोडा पडला तर खळगा दिसतो. याला मार बसला तर वरून गुळगुळीत राहतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून कोणाला कळत नाही.

माझ्या टिकल्या म्हणजे चिनीमातीसारख्या एका पदार्थाच्या चकत्या. एकीला विजेचा धक्का दिला की ती थरथरते, आणि ती थरथर पंखाच्या पातळ कवचातून पसरत जाते. कवचाच्या दोन पृष्ठांमध्ये कोंडलेली असते म्हणून लांबवर जाते. दूरची दुसरी चकती ती ऐकते. पंख चांगला असताना आवाज कसा पोचतो, ते मी नोंदवून ठेवलं आहे. पुढे केव्हाही पुन्हा ऐकायचं. वाटेत थर सुटलेले असले तर लाट अडखळते, उशिरा पोचते, तिच्या मागून आणखी एक क्षीण लाट येते. एवढंच. पंख न उघडता पंखाच्या आतलं ऐकायचं.

हे आमच्याकडे अजून नवं आहे. परदेशात प्रयोगशाळांत चालतं, पण उडणाऱ्या विमानावर फारसं कुणी केलेलं नाही. आमच्या विभागाचे प्रमुख वासुदेवराव मला प्रेमाने 'आमची ज्योतिषी' म्हणतात, त्यावरून काय ते ओळख.

चाचणी मार्चमध्ये म्हणतात. दिल्लीची समिती येणार आहे. डाव्या पंखात सध्या एका वाटेवर लाट जरा उशिरा येते आहे. थंडीनेही असं होतं. बघते आहे.

खजूर खा. आणि दुपारी झोप.

शालूताई

*

सांगली
३ फेब्रुवारी १९९६

शालूताई,

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना चकत्या कळल्या, मला लाट कळली. दोघांत मिळून एक पंख झाला.

पण शेवटी तू जे घाईघाईत लिहिलंस ना, 'एका वाटेवर उशिरा येते', ते मला काही आवडलं नाही. तू थंडीवर ढकललंस. शाळेत पोरं उशिरा आली की अशीच कारणं सांगतात. मी कोपऱ्यावरच्या बूथवरून उपेंद्रला फोन केला. तो हसला. म्हणाला, 'शाल्मलीला बंगळूरची थंडी बाधते आणि तिच्या यंत्रालाही.' मीही हसले. मग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं.

थंडीच असेल ना?

डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं ठीक. रक्त थोडं कमी आहे. आई बीट खाऊ घालते आहे, स्वप्नंसुद्धा लाल पडतात.

तुझी
मुग्धा

*

बंगळूर
१९ फेब्रुवारी १९९६

मुग्धा,

उत्तराला उशीर झाला. मुद्दामच केला. तुझ्या या दिवसांत तुला काही लिहू नये असं वाटत होतं. आता लिहिल्यावाचून राहवत नाही, आणि दुसरं कोणी ऐकत नाही.

थंडी नाही. मी भरदुपारी ऐकलं, पहाटे ऐकलं. उजवा पंख जसा होता तसाच बोलतो. डावा नाही.

जानेवारीत पंख परत बसवताना क्रेनचा पट्टा सरकला आणि डावा पंख खालच्या टेकूच्या लोखंडी घोडीवर आदळला. लपूनछपून झालेलं नाही, सगळ्यांच्या देखत झालं. मीही तिथेच होते. वरून एक ओरखडाही नव्हता. नेहमीप्रमाणे नाण्याने ठोकून कुठे आवाज बदलतो का ते पाहिलं, ध्वनिलहरींच्या यंत्राने जिथवर पोचता येतं तिथवर तपासलं. सगळं ठीक. पुढचं काम सुरू झालं.

या महिन्याच्या सुरुवातीला मी वासुदेवरावांच्या मागे लागले. लाटा कुठून किती उशिरा येतात, त्यावरून मी जागा काढली आणि म्हटलं, इथे कवच कापून पाहा. कापलेला पंख पुन्हा सांधायचा म्हणजे काय, ते तुला कसं सांगू? सगळा विभाग माझ्यावर चिडला. तरी त्यांनी कापलं. मुग्धा, आत काही नव्हतं. थर इतके नितळ होते की मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं. वासुदेवराव रागावले नाहीत. 'बिडी अम्मा, सोडून द्या, होतं असं,' म्हणाले. ते लागलं जास्त.

मग आठवडाभर मी घरी कागद घेऊन बसले आणि चूक सापडली. ही लाट सगळ्या दिशांना सारख्या वेगाने जात नाही. धागे जिकडे जास्त, तिकडे ती धावते. पंखात लांबीच्या दिशेने धागे जास्त आहेत. मी हिशेब धरला सगळीकडे एकाच वेगाचा. वेग दुरुस्त करून मांडलं की जागा सरकते आणि थेट पंखाच्या मुळाशी जाते, जिथे तो विमानाच्या अंगाला जोडला आहे. वर धातूची पट्टी आहे. तिथे नाणं पोचत नाही, दुसरं यंत्र पोचत नाही. उडताना सगळा भार तिथेच येतो.

आणि तिथे कापलं तर तो पंख संपला. दुसरा तयार व्हायला वर्ष जाईल. मार्चअखेर समितीला उडून दाखवलं नाही तर प्रकल्पच बंद होईल. एकदा खोटी ठरलेली बाई आता म्हणते आहे की तिथे नाही, इथे कापा. तूच सांग, तू कापलं असतंस?

उपेंद्रला मी हे सगळं समोर बसवून सांगितलं. त्याने नीट ऐकलं आणि म्हणाला, 'पुढच्या आठवड्यात तिसरीच जागा सांगशील.' मग माझा चेहरा पाहून त्याने माझ्या पानात भजी वाढली.

तू त्याला सांग. तुझं ऐकेल.

शालूताई

*

सांगली
२४ फेब्रुवारी १९९६

शालूताई,

माझं ऐकेल असं तुला कोणी सांगितलं?

दोनदा फोन केला. पहिल्यांदा प्रेमाने समजावलं, दुसऱ्यांदा ओरडला. 'बायकोच्या मावसबहिणीला वाटतं म्हणून मी नाही उडत, असं समितीसमोर सांगू का? उद्यापासून मला कोण विमान देईल?' बूथवाला काचेतून बघत होता. मी रडत बाहेर आले. पैसे द्यायचेही भान नव्हतं, त्याने हाक मारून थांबवलं.

आता तुला विचारते. ताई म्हणून नको, तिथली माणूस म्हणून उत्तर दे. तुला खात्री आहे का? 'बहुधा', 'असं दिसतं' मला नको. हो की नाही?

हो असेल तर विमानाच्या चाकाखाली आडवी पड, वर्तमानपत्रात जा, काहीही कर. आणि नाही असेल तर मला हे कळवलंस कशाला? पोटात बाळ वळतं तेव्हा मी घड्याळाकडे बघते, की आता तो कुठे असेल. अन्न जात नाही. आईला वाटतं नववा लागला म्हणून. मी तिला काय सांगू?

मुग्धा

*

बंगळूर
१ मार्च १९९६

मुग्धा,

तुझं पत्र चार जागी फाटेल इतकं वाचलं.

हो की नाही, असं मला सांगता येत नाही. थर सुटले आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कुठे, तेही आता सांगते. पण किती सुटले आहेत, आणि तेवढ्याने पंख तुटेल का, हे माझ्या लाटा मला सांगत नाहीत. कदाचित याच पंखावर तो शंभर वेळा उडेल. कदाचित पहिल्याच जोराच्या वळणाला जाईल. हे मी वासुदेवरावांना लिहून दिलं, त्यांच्याही वरच्यांना दिलं. वरच्यांनी मला बोलावून एकच विचारलं, 'मागच्या वेळीही तुम्ही एवढ्याच ठामपणे सांगितलं होतंत का?' मी हो म्हटलं. त्यांनी फाइल मिटली.

चाचणी १४ मार्चला आहे. उपेंद्रच उडवणार. शेवटच्या फेरीत समितीसमोर जोराचं वळण घ्यायचं आहे, पंखावर अनेक पट भार आणून दाखवायचा आहे. मला त्या आठवड्यात हँगरमध्ये काही काम दिलेलं नाही.

तू मला विचारलंस, कळवलं कशाला. कारण एकटीला झेपत नव्हतं. ते चुकलंच. पण आता कळवलं आहे, तर एकदा, शेवटचं, त्याला सांग. 'नाही' म्हणायचा हक्क फक्त वैमानिकाला आहे, माझ्यासारखीला नाही.

शालूताई

*

सांगली
१२ मार्च १९९६

शालूताई,

मी त्याला सांगणार नाही. सांगून झालं.

आज सकाळी बाबांना तारऑफिसात पाठवलं. 'मुग्धा गंभीर. ताबडतोब निघ.' बाबा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. कागदावर लिहिताना त्यांचा हात थांबला. मी म्हटलं, बाबा, तार केली नाहीत तर मी खरोखर गंभीर होईन. मग गेले.

तो आज रात्रीची बस पकडेल. उद्या सकाळी इथे येईल आणि मला धडधाकट बघून काय करेल, ते देवाला ठाऊक. मारलं तरी चालेल. चौदा तारखेला तो सांगलीत असेल. वैमानिकच नाही म्हटल्यावर चाचणी पुढे ढकलतील, आणि तेवढ्यात तू त्यांना काय पटवायचं ते पटव. मी तुला दिवस मिळवून दिले आहेत. वाया घालवू नकोस.

आज खूप दिवसांनी दोन पोळ्या खाल्ल्या.

मुग्धा

*

बंगळूर
१७ मार्च १९९६

मुग्धा,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. चार दिवस उशिरा. उपेंद्र चौदाच्याच रात्रीच्या बसने परत आला आहे, तेव्हा काय झालं ते तुला कळलेलंच आहे. तरी मी जे पाहिलं, ते मला तुलाच सांगायचं आहे.

चौदा तारखेला मी बोलावणं नसताना गेले. फाटकावर कळलं की उपेंद्रची बायको अत्यवस्थ आहे, तो गावी गेला. तुझी काळजी वाटली, आणि त्याच श्वासात हायसं वाटलं, की तो नाही. हे दोन्ही खरं आहे. मग हँगरच्या दारात जयसिंगराव दिसले. उडण्याचा पोशाख चढवलेले, पॅराशूट पाठीवर. समिती आलेली होती, मांडव घातला होता, चाचणी कोणी पुढे ढकलली नव्हती. उपेंद्रच्या जागी ते निघाले होते.

मी धावत गेले. म्हटलं, 'सर, जाऊ नका.'

त्यांनी मला बाजूला नेलं. 'बोल.'

मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, 'कापलं तेव्हा काही सापडलं नव्हतं ना?'

'चुकीच्या जागी कापलं होतं. माझा हिशेब चुकला होता.'

'आता बरोबर आहे?'

'हो.'

'मागच्या वेळीही हेच म्हणाली असशील.'

'हो, सर.'

ते हसले. 'निदान खोटं बोलत नाहीस. कुठे आहे, दाखव.'

मी पंखाच्या मुळाशी तळवा टेकवला. माझा हात काढून त्यांनी स्वतःचा ठेवला, थोडा वेळ ठेवला. 'जायच्या आधी हा काही सांगतो का? कुरकुर, थरथर?'

'धातू वाकतो, सर. हा वाकत नाही. धरून ठेवतो, धरून ठेवतो आणि एकदम सुटतो.'

त्यांनी मान डोलावली. मागच्या आसनावर सयाजी पट्टे बांधून बसले होते. चाचणीच्या नोंदी घेणारे आमचे इंजिनियर सयाजी जाधव, दोन मुलींचे वडील, तू त्यांना गणपतीत भेटली असशील. जयसिंगराव वर चढून त्यांना म्हणाले, 'सयाजी, उतर. आज मी एकटा जातो.'

'सर, नोंदी कोण घेणार?'

'मी घेतो. मलाही लिहिता येतं.'

सयाजी कुरकुरत उतरले. दिल्लीच्या लोकांसमोर आपल्याला उतरवलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जयसिंगरावांनी वासुदेवरावांना फक्त हाताने खूण केली, की एकटाच. मी त्यांच्या बाहीला धरलं. खरंच धरलं, मुग्धा, लहान मुलासारखं. म्हटलं, 'तुम्हाला पटलंय, तर जाताच कशाला?'

ते म्हणाले, 'प्रत्येक नव्या विमानाजवळ कोणीतरी उभं राहून नको म्हणत असतं. बहुतेक वेळा ते चुकतात. तूही चुकावीस अशी प्रार्थना कर. मी वळण हळूहळू आवळत नेईन. बरं वाटलं नाही तर सोडून देईन.'

दोन फेऱ्या छान झाल्या. मांडवातून टाळ्या आल्या. तिसरीला ते व्हाइटफील्डच्या बाजूला वळले. वळण आवळत गेले, त्यांनी सांगितलं होतं तसंच, सावकाश. आवाज काही आला नाही. डावा पंख वर मुडपला. एवढंच दिसलं. मग विमान स्वतःभोवती फिरत खाली गेलं. पॅराशूट बाहेर आलेलं मी पाहिलं. ते पुरतं उघडलं नाही, उंचीच नव्हती. निलगिरीच्या बनात पडले. आम्ही पोचलो तेव्हा जवळच्या वस्तीतली माणसं त्यांच्यावर चादर घालून उभी होती.

तुला दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तार मी कर म्हटलं नव्हतं, पण ती करायला तुला मीच भाग पाडलं.

शालूताई

*

सांगली
२८ मार्च १९९६

शालूताई,

मुलगी झाली. बावीस तारखेला. दोघी ठीक आहोत, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

तिच्या बापाने तिला पाहिलेलं नाही. तेरा तारखेला तो दारात आला तेव्हा मी अंगणात तांदूळ निवडत होते. त्याने आधी मला पाहिलं, मग सूप पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. ओरडला नाही. मला ते हवं होतं. म्हणाला, 'तू मला वाचवलं नाहीस, पळवून आणलंस.' त्या रात्रीच्या परतीच्या बसला जागा मिळाली नाही. तो माडीवर जाऊन बसला. चौदाच्या दुपारी शेजारी फोन आला. तो ऐकून आला, बॅग उचलली आणि बाबांना नमस्कार करून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मुलीची तार केली, त्याला उत्तर आलं नाही. यावेळची तार खरी होती.

ती जागा त्याची होती आणि ती मी रिकामी केली. वीणावहिनींनी माझी ओटी भरली होती. मुलगी दूध प्यायला लागली की माझ्या मनात येतं, ही कोणाच्या जिवावर पिते आहे. मग तिला दूर करते, ती रडते, आई धावत येते.

मला विचारायचं आहे, ते तुझ्याशिवाय कोणाला विचारू? तार केली नसती तर आज उपेंद्र गेलेला असता. आणि तरी मी चुकले, हे कसं?

वीणावहिनींना तोंड कसं दाखवू?

मुग्धा

*

बंगळूर
१० एप्रिल १९९६

मुग्धा,

तुझा प्रश्न मी रोज स्वतःलाही विचारते.

उपेंद्र वीणावहिनींच्या घरी असतो. बँक, दाखले, पाहुण्यांची ने-आण सगळं तोच बघतो. माझ्याशी बोलत नाही.

काल चौकशी समितीपुढे माझी साक्ष झाली. त्याआधी वासुदेवराव माझ्या घरी आले होते. तुंगाबाईंनी कॉफी दिली, ती तशीच गार झाली. म्हणाले, 'अम्मा, तुम्ही जयसिंगरावांना सांगितलं होतं, असं बोललात तर अहवालात काय येईल? वैमानिकाला कल्पना होती, तरी तो स्वतःच्या जबाबदारीवर गेला. सगळं त्यांच्यावर जाईल. गेलेल्या माणसावर कशाला? सांगितलं नाही म्हणा. सरी, ठीक?' यात त्यांचाही बचाव होता, ते मला दिसत होतं. पण ते म्हणत होते ते खोटंही नव्हतं. मी खरं बोलले तर दोष मेलेल्या माणसाच्या माथी बसणार होता. खोटं बोलले तर माझा इशारा त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता, असं ठरणार होतं.

दोन दिवस मी जेवले नाही. मग वीणावहिनींकडे गेले. दार उपेंद्रने उघडलं. त्याच्या मागून वहिनी आल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, हँगरच्या दारातलं बोलणं शब्दाला शब्द. शेवटी विचारलं, 'उद्या मी काय सांगू?'

त्यांनी मला आधी खाली बसवलं. मग म्हणाल्या, 'त्यांना कल्पना होती, हे कळलं तर लोक म्हणतील मूर्ख होते. म्हणू देत. पण तू गप्प बसलीस तर सयाजीला त्यांनी का उतरवलं, हे कोणाला कळणार? सयाजीलासुद्धा कळणार नाही. त्याला वाटत राहील, अपमान केला. जाऊन खरं सांग.'

मी सांगितलं. समितीने टेबलावर पंखाच्या मुळाचा तुकडा ठेवला होता. ताजा तुटलेला भाग काळा आणि चकचकीत होता. त्याच्या आत तळव्याएवढी जागा निराळी होती, मळकट, धूळ आणि तेल शिरलेली. थर तिथे केव्हाच सुटलेले होते. माझ्या नकाशावरची खूण आणि ती जागा एकच. सगळे तो तुकडा पाहत होते. मला तो पाहवेना. बरोबर ठरण्यात इतकं वाईट काही असेल, असं वाटलं नव्हतं.

वासुदेवराव एवढंच म्हणाले, 'समोर होतं त्या माहितीवर आम्ही निर्णय घेतला.'

सयाजी उठून उभे राहिले. काहीतरी बोलायला उठले होते. टेबलावरच्या तुकड्याकडे बघून तसेच खाली बसले.

उपेंद्र मागच्या रांगेत होता. माझी साक्ष संपल्यावर मी वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. आज वहिनींनी सांगितलं, तो रात्रीच्या बसने सांगलीला गेला.

शालूताई

*

सांगली
१६ एप्रिल १९९६

शालूताई,

उपेंद्र आला तेव्हा मी पाळण्याशी होते. तो खोलीच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट दोन दिवसांचा. आई चहा घेऊन आली, त्याने घेतला नाही. जेवला, पण कोणाशी बोलला नाही. चार दिवस असेच गेले. मुलीकडे लांबून बघायचा. मला वाटलं, कागदावर सही मागायला आला असेल. सोडून देतो म्हणेल. मी तयार होते.

काल तुझं पत्र आलं. ते मी त्याच्यासमोर उघडलं. सयाजींना उतरवल्याचं तू आधीही लिहिलं होतंस, पण तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं गं. डोळ्यांनी वाचलं होतं. वीणावहिनी काय म्हणाल्या ते वाचलं तेव्हा कळलं. मी त्याला म्हटलं, 'ऐक, शालूताईने लिहिलंय.'

तो म्हणाला, 'मला माहीत आहे. मी तिथेच होतो.'

मग खिडकीकडे तोंड करून तो बोलायला लागला. 'शाल्मलीने मलाही हेच सांगितलं होतं. तीच जागा, तेच शब्द. सरांनी अर्ध्या तासात जेवढं ऐकलं, तेवढं मी महिनाभर ऐकलं नाही.'

मी म्हटलं, 'उपेंद्र, मी तार...'

'तारेचं नको बोलूस,' तो म्हणाला. 'ते मला अजून गिळवत नाही. कधी गिळवेल, माहीत नाही. मी दुसरंच सांगतोय. त्या दिवशी विमानात मी असतो तर मी सयाजीला उतरवलं नसतं, मुग्धा. मी हसलो असतो. त्याला मागे घेऊन वर गेलो असतो.'

एवढं बोलून तो खाली बसला, भिंतीला टेकून. रडला नाही. त्याचे हात थरथरत होते. मी मुलीला उचलून त्याच्याजवळ नेलं, तर म्हणाला, 'आत्ता नको. हात स्थिर होऊ देत.'

मी तिला घेऊन त्याच्या शेजारी बसून राहिले.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं बंगळूरला येऊ. सगळ्यात आधी वीणावहिनींकडे जाणार आहे. तारेचं मी त्यांना स्वतः सांगेन. उपेंद्र म्हणाला, बरोबर येतो, पण तुझ्या बाजूने बोलणार नाही. मी म्हटलं, चालेल.

मुग्धा